विमानाची पेटी रॉकेटाच्या कामाला: चिकलठाण्यातल्या नोंदी

१० जून २०२५

विमानातल्या संगणकाची पेटी आली. एका जुन्या विमान-सिम्युलेटर प्रयोगशाळेच्या लिलावातून घेतली, वाहतूक धरून १ लाख ४० हजार रुपये. आत पॉवर सप्लायचं कार्ड, दोन प्रोसेसर कार्डं, १५५३ बसचं, म्हणजे विमानातली उपकरणं ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांचं, एक कार्ड आणि इनपुट-आउटपुटचं एक. सगळी एकाच बॅकप्लेनवर, म्हणजे कार्डं जोडणाऱ्या मागच्या पाटीवर, ओढली की बाहेर, ढकलली की आत.

बोईंग ७७७ हे १९९५ साली सेवेत आलं, तेव्हापासून मोठ्या विमानांत ही पद्धत रुळली. प्रत्येक कामाला वेगळा डबा न देता एकाच संगणकावर अनेक कामं चालवायची, मात्र प्रत्येकाची वेळ आणि मेमरी बांधून द्यायची, म्हणजे एक काम कोसळलं तरी शेजारच्याला धक्का लागत नाही. नासाच्या ओरायन यानाचे संगणकही ७८७ च्या संगणकावर बेतलेले आहेत. प्रक्षेपकात वजन आणि वायरिंग वाचवायचं तर हाच रस्ता आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा खटाटोप.

आमची पेटी उडणार नाही. एका टेबलावर ती आणि दुसऱ्यावर लहान प्रक्षेपकाच्या उड्डाणाचं गणित करणारा पीसी. पीसी तिला सेन्सरचे आकडे देईल, ती नोझल वळवायचे हुकूम परत देईल. त्याशिवाय हादरा, निर्वात आणि धक्का या तिन्हींतून तिला काढायचं. जागा माझ्या शेडची, इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे सर सोबत आणि शेवटच्या वर्षाची चार मुलं-मुली.

२१ जून

सुरुवातच अडखळत. बेंच सप्लायवर पेटी नीट उठते, बॅटरीवर लावली की १५५३ कार्ड दिसतं पण उत्तर देत नाही. केबल बदलली. बसच्या दोन्ही टोकांचे टर्मिनेटर, म्हणजे शेवटचे रोधक, मोजले, ७८ ओहम, बरोबर. कपलर बदलून पाहिले. त्यात आठवडा गेला.

शेवटी २८ व्होल्टच्या लाईनवरच स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला. चालू करताक्षणी काही मिलिसेकंद व्होल्टेज १७ पर्यंत खाली जात होतं. विमानात जनरेटर बदलताना क्षणभर वीज गेली तरी काम थांबू नये म्हणून सप्लाय कार्डात मोठे कपॅसिटर ठेवलेले असतात. विमानातल्या विजेचं अमेरिकी लष्करी मानक, मिल-स्टँडर्ड ७०४, त्याप्रमाणे ५० मिलिसेकंदांचा खंड सोसावा लागतो. आमच्या छोट्या बॅटरीवर हेच कपॅसिटर एकदम भरायला लागले की बाकीच्यांचा घास तोडत होते आणि १५५३ कार्ड अर्धवट जागं होत होतं.

पुढे एक मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, लावून सावकाश चढणारी लाईन केली आणि कार्डं एकामागून एक चालू होतील असा क्रम लावला. सामान ६०० रुपयांच्या आत. टप्पे विलग करणाऱ्या स्फोटक बोल्टांची लाईन आणि संगणकाची लाईन वेगळ्या बॅटऱ्यांवर ठेवायची हेही आजच ठरवलं. रॉकेटात हे नेहमीचंच आहे, पण विमानाची पेटी एकच पुरवठा धरून चालते, त्यामुळे आतली ग्राउंड सोडवायला वेळ लागला.

५ जुलै

पंखे काढले. प्रवासी विमानात इलेक्ट्रॉनिक्सच्या कप्प्यात दाबाखालची हवा असते, रॅकमधून ती खेळवून कार्डं गार ठेवतात. रॉकेट वर जाताना हवाच संपते. म्हणून उष्णता कार्डातून कडेच्या वेजलॉकमध्ये (कार्डाची कड भिंतीला घट्ट दाबून धरणारी पाचर), तिथून भिंतीत आणि भिंतीतून बुडाच्या जाड ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये उतरली पाहिजे. वाळूजमधल्या एका व्हीएमसीवाल्याकडून, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापयंत्रावर, नवीन भिंती आणि प्लेट कापून घेतल्या, १८ हजार. वेजलॉक बाहेरून मागवावे लागले. त्यांच्यापेक्षा कस्टमचे कागद जास्त महाग पडले.

सर म्हणाले, आधी कागदावर बघू. पेटी ६० वॅट खाते. उड्डाण १५ मिनिटांचं धरलं तर ९०० सेकंदात ५४ किलोज्यूल. ॲल्युमिनियम ४ किलो, दर किलोला अंशामागे ०.९ किलोज्यूल. म्हणजे सगळी उष्णता आतच राहिली तरी तापमान १५ अंशांनी वाढेल, बस. पेटी स्वतःच ती गिळते.

खरी अडचण जमिनीवर आहे. काउंटडाउन लांबला, पेटी चालूच आहे आणि बाहेर आपल्याकडच्यासारखा ४२ अंशांचा मे महिना. उड्डाणाला निघतानाच पेटी ७० अंशांवर असेल तर वरचे १५ अंश महागात पडतात. त्यामुळे जमिनीवर असेपर्यंत गार हवेचा झोत देणारी नळी आणि ती उड्डाणाच्या क्षणी सुटेल असा कनेक्टर, हे यादीत टाकलं. निर्वाताच्या काळजीत यातली निम्मी चिंताही कुणी केली नव्हती.

२२ जुलै

जाड ॲक्रिलिकचा डबा आणि एसी दुरुस्तीवाल्यांचा रोटरी पंप, इतकाच निर्वात. काही मिलिबारपर्यंत उतरतो. खऱ्या चाचणीला हे पुरत नाही, पण हवेचा आधार काढल्यावर कोणती जागा तापते ते कळायला पुरतं.

दोन गोष्टी सापडल्या. पहिली, दुसऱ्या प्रोसेसर कार्डाचा एक वेजलॉक सैल बसला होता, त्या बाजूचं तापमान दुसऱ्या बाजूपेक्षा ११ अंश जास्त. टॉर्क रेंच घेऊन सगळे पुन्हा आवळले. हाताच्या अंदाजाने वेजलॉक आवळू नयेत, प्रत्येकाचा आकडा वहीत लिहावा. दुसरी, सप्लाय कार्डावरच्या ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरांची डोकी फुगली. त्यांच्या आत द्रव असतो, बाहेरचा दाब गेला की तो वाट शोधतो. सगळे काढून टँटलम लावले, तेही ठरलेल्या व्होल्टेजच्या निम्म्यावर वापरायचे या हिशेबाने. त्यामुळे जागा कमी पडली आणि एक छोटं जोडकार्ड करावं लागलं. ९ हजार.

८ ऑगस्ट

वाळूजला वाहनांच्या भागांची चाचणी करणारी प्रयोगशाळा आहे, तिथला शेकर, म्हणजे हादरे देणारं यंत्र, तासाने मिळतो, ४ हजार रुपये तास. पातळी नासाच्या गॉडार्ड केंद्राच्या सर्वसाधारण मानकातली घेतली: २२.७ किलोपर्यंतच्या भागाला १४.१ जी आरएमएस (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतलं त्वरण, आरएमएस ही त्याची एक प्रकारची सरासरी), ५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात ०.१६ जी-वर्ग दर हर्ट्झला, प्रत्येक अक्षावर २ मिनिटं.

तिथवर पोहोचलोच नाही. आधी हलक्या पातळीचा साइन स्वीप घेतला, म्हणजे कंपनाची वारंवारता हळूहळू चढवत नेली. ४३० हर्ट्झच्या आसपास आलेख उभाच्या उभा वर गेला. पोरं पेटीचं झाकण बघायला लागली. शेकरवर बसणारे काका स्क्रीनकडे न बघता म्हणाले, "पेटी नाही हो, तुमचं फिक्श्चर नाचतंय." त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक फिक्श्चरच्या कोपऱ्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला ऐकायला दिलं. पेटीवर टेकवलं की साधी घरघर, फिक्श्चरच्या कोपऱ्यावर स्पष्ट किणकिण. पेटी शेकरवर धरणारं ते फिक्श्चर आम्ही पत्रे वाकवून, वेल्ड करून बनवलं होतं. एका भरीव ब्लॉकमधून पुन्हा कापून घ्यायचं ठरलं, २२ हजार. फिक्श्चरचं आधी एकट्याचं स्वीप करून घ्या, मगच पेटी चढवा. शेकरचे आजचे तास फुकट गेले.

१९ ऑगस्ट

नवं फिक्श्चर गप्प आहे. पेटी चालू ठेवून १४.१ जी दिलं. चालू ठेवूनच द्यायचं, कारण बंद पेटी हादऱ्यातून सहीसलामत निघते आणि काहीच सांगत नाही.

उभ्या अक्षावर पहिल्या मिनिटातच बसवर चुकलेले शब्द वाढायला लागले. पेटी चालत होती, चुका दुरुस्त करून घेत होती, त्यामुळे लॉग उघडून पाहिला नसता तर चाचणी पास असंच लिहिलं असतं. प्रोसेसर कार्डावर बसणाऱ्या छोट्या मेझानीन कार्डाचा कनेक्टर क्षणभर सुटत होता. विमानात त्याला दोन स्क्रू पुरत होते. चार केले, मधे ॲल्युमिनियमचा आधार दिला, थ्रेडलॉक लावलं. एका मोठ्या इंडक्टरचा पाय तुटला, तो आणि तसे सगळे उंच भाग इपॉक्सीने बुडाशी चिकटवले. सिम्युलेटरच्या काळातला नेटवर्कचा प्लास्टिक जॅक काढून गोल लष्करी कनेक्टर लावायचा, तो यायला सहा आठवडे म्हणतात.

हादऱ्यानंतरच्या स्वीपमध्ये कार्डाचा आलेखातला उंचवटा ३१२ वरून २८७ हर्ट्झवर आला. वारंवारता खाली गेली म्हणजे कुठेतरी पकड ढिली झाली. उघडलं तर परत एक वेजलॉक. आधीचं आणि नंतरचं स्वीप एकावर एक ठेवून बघणं ही या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त तपासणी.

५ सप्टेंबर

या आठवड्यात विक्रम ३२०१ या प्रोसेसर चिपची बातमी सगळीकडे होती. इस्रोच्या प्रक्षेपकांत २००९ पासून १६ बिटांचा विक्रम १६०१ चालतोय, हा त्याचा ३२ बिटांचा पुढचा भाऊ, मोहालीच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत बनलेला आणि पीएसएलव्ही-सी६० वर अवकाशात तपासलेला. मुलांनी बातमी छापून शेडच्या दारावर चिकटवली. बरं वाटलं.

काम मात्र वेळापत्रकाशी अडलं होतं. पेटीवरच्या कामांची फ्रेम, म्हणजे वेळापत्रकाची एक फेरी, १०० मिलिसेकंदांची, विमानाच्या सवयीची. प्रत्येक कामाला त्यात एक खिडकी. विमान स्वभावाने स्थिर असतं, थोडा उशीर पोटात घालतं. प्रक्षेपक सरळ उभा राहू शकतो तो सतत सावरल्यामुळेच, वर त्याचं लांबडं शरीर वाकतंही. सेन्सर वाचल्यापासून नोझल वळेपर्यंत आमच्याकडे १३० मिलिसेकंद जात होते आणि पीसीवरचं रॉकेट हवेच्या कमाल दाबाच्या जवळ डोलायला लागून उलटायचं.

फ्रेम २० मिलिसेकंदांची केली, खिडक्यांचा क्रम बदलला: आधी वाचन, लगेच दिशानिर्णय, लगेच नियंत्रण, लगेच हुकूम. टेलिमेट्री, म्हणजे जमिनीकडे आकडे पाठवणं, उरलेल्या वेळात. उशीर १४ वर आला.

तरी रोज निकाल वेगळा. सकाळी रॉकेट स्थिर, दुपारी डुलणारं, कोड तोच. दोन मुली या मागे लागल्या आणि त्यांनीच शोधलं: १५५३ बसचा कंट्रोलर स्वतःच्या घड्याळावर चालत होता, कामांची फ्रेम प्रोसेसरच्या घड्याळावर. दोघांत किंचित फरक, त्यामुळे बसवरचा ताजा आकडा खिडकीच्या आधी येतो की नंतर हे हळूहळू सरकत जायचं. नंतर आला की थेट एक फ्रेम उशीर. विमानातल्या १०० च्या फ्रेममध्ये हे कधी कुणाच्या ध्यानातच आलं नसतं. आता एकाच टायमरच्या इंटरप्टवर फ्रेमही सुरू होते आणि बसही. दोन्हींतलं अंतर दर फ्रेमला लॉगमध्ये लिहितो.

एक लक्षात ठेवण्यासारखं: उड्डाणाच्या टप्प्यानुसार वेळापत्रक बदलायची सोय एरिंक ६५३ या विमान-संगणकांच्या मानकात आहे, पण बदल मोठी फ्रेम संपल्यावरच लागू होतो. टप्पा विलग करायचा हुकूम त्या बदलावर टांगून ठेवू नका.

२८ सप्टेंबर

काम बंदच. मराठवाडाभर पाऊस, गोदावरीला पूर, जायकवाडीतून मोठा विसर्ग. बीड आणि धाराशिवकडची मुलं घरी गेलीत, एकाच्या शेतात अजून पाणी आहे. गोल कनेक्टर वाटेतच अडकलेत.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. टॉर्क रेंच, स्कोप, सोल्डरिंग गन आणि पेटी, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची फुलं. दुपारनंतर धक्क्याची चाचणी उभी करायला घेतली.

११ ऑक्टोबर

आजची नोंद मोठी होणार, कारण सगळ्या कामाचा गाभा इथे सापडला.

टप्पे विलग होतात तेव्हाचा धक्का हादऱ्यासारखा नसतो. काही मिलिसेकंदांत शेकडो, कधी हजारो जी, तेही हजार हर्ट्झच्या वर. तशी सोय इथे कुठेच नाही. १२ मिलिमीटरची पोलादी प्लेट साखळ्यांनी टांगली, मागून पाच किलोचा घण लोलकासारखा सोडला. पेटी प्लेटवर, पीसीवरचं उड्डाण चालू आणि घण बरोबर दुसऱ्या टप्प्याच्या विलगीकरणाच्या वेळी.

पेटीला काही झालं नाही. एकही कार्ड हललं नाही, बस स्वच्छ. रॉकेट मात्र गेलं.

लॉग वाचला. दोन्ही ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारे सेन्सर) १६ जी पर्यंतचे, धक्क्यात दोन्ही टोकाला जाऊन चिकटले. आमच्याकडे आलेल्या विमानाच्या तर्कात लिहिलेलं: सलग तीन आकडे मर्यादेबाहेर गेले की सेन्सर बाद, आणि जमिनीवर तपासणी होईपर्यंत बादच. दोन्ही बाद झाले. मग दिशानिर्णयाचं काम म्हणालं, माझ्याकडे विश्वासाचा आकडा नाही, आणि थांबलं. नोझल शेवटच्या कोनात गोठलं. काही मिलिसेकंदांत दोन्ही सेन्सर पुन्हा चांगले आकडे देत होते, ऐकायला कुणी नव्हतं.

सरांनी लगेच इस्रोच्या लहान प्रक्षेपकाच्या, एसएसएलव्हीच्या, पहिल्या उड्डाणाची आठवण काढली. ७ ऑगस्ट २०२२. दुसरा टप्पा विलग होताना उपकरणांच्या डेकवर थोडा वेळ जोराचं कंपन झालं, ॲक्सेलरोमीटर टोकाला गेले, दोष ओळखणाऱ्या तर्काने ते बाद ठरवले. यान ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी ३५६ गुणिले ७६ च्या कक्षेत पोचलं आणि उपग्रह हातचे गेले. सेन्सर मोडलेच नव्हते. तर्क आणि विलगीकरणाची रचना सुधारून १० फेब्रुवारी २०२३ ला दुसरं उड्डाण यशस्वी झालं.

युरोपच्या एरियन-५ रॉकेटाचंही तसंच. ४ जून १९९६. दिशादर्शक यंत्रणा एरियन-४ वरून जशीच्या तशी उचललेली. नव्या रॉकेटाचा आडवा वेग मोठा, त्याच्याशी निगडित आकडा ६४ बिटांतून १६ बिटांत मावला नाही. तोही अशा कामात, ज्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती. पण मला खरा घाव वाटतो तो पुढचा: चूक आली की प्रोसेसर बंद करा, असं ठरवलेलं होतं. यंत्र बिघडलंय असं समजून दोन्ही यंत्रणा एकाच कारणाने बंद पडल्या, कारण दोन्हींत कोड एकच. ४० सेकंदांच्या आत रॉकेट तुटलं.

विमानात बिघडलेल्या भागाने गप्प बसावं हे शहाणपण आहे. शेजारी दुसरा भाग असतो, पायलट असतो, जमिनीवर उतरायला वेळ असतो. रॉकेटात गप्प बसलेल्याची जागा घ्यायला कुणी नसेल तर गप्प बसणं हाच अपघात. कार्डं, भिंती, कनेक्टर हे सगळं पैसे घालून बदलता येतं. ही सवय मात्र कोडच्या ओळीओळीत बसलेली असते आणि चाचणीत पेटी चालूच राहते, म्हणून दिसत नाही.

२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर सगळे परत. आरोग्य-तक्ता, म्हणजे कोणत्या चुकीला कोणती कृती याची एरिंक ६५३ मधली यादी, छापून भिंतीवर लावली. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: हे काम थांबलं तर ते कोण करणार? उत्तर "कुणी नाही" असेल तिथे "थांबव" हा शब्द खोडला. त्या जागी "मागचा आकडा धर", "अंदाजाने पुढे चल" किंवा "कामाचं जलद पुनरारंभ". काही ओळींवर संध्याकाळभर वाद झाले. टेलिमेट्री थांबली तर थांबू दे, यावर मात्र एकमत.

सेन्सरसाठी नवा नियम: एकच सेन्सर भरकटला तर तो संशयित. सगळे एकाच क्षणी भरकटले तर दोष बाहेर आहे, सेन्सरांत नाही. अशा वेळी कुणालाही बाद करायचं नाही. जायरो (वळण मोजणारा सेन्सर) आणि त्या टप्प्यातलं अपेक्षित त्वरण यांवर थोडा वेळ पुढे जायचं, आकडे मर्यादेत आले की पुन्हा घ्यायचे. "कायमचं बाद" हा प्रकार उड्डाणात ठेवलाच नाही.

दोन प्रोसेसरांचं उत्तर जुळलं नाही तर काय, हा प्रश्न उरला. विमानात जुळलं नाही की जोडी बाजूला होते. इथे तसं चालत नाही आणि दोघांत खोटा कोण हे दोघांना विचारून कळत नाही. बॅकप्लेनवर एक खाच मोकळी होती, तिसरं कार्ड जुनंच मिळालं, ८५ हजार. तिन्ही उत्तरांतलं मधलं घ्यायचं.

२३ नोव्हेंबर

घण, तोच क्षण, तीन कार्डं. सेन्सर टोकाला गेले, पेटी अंदाजावर पुढे गेली, आकडे परतल्यावर पुन्हा घेतले, पीसीवरचं रॉकेट कक्षेत पोचलं. मग उड्डाणाच्या मधेच एक कार्ड मुद्दाम बंद केलं, तरी पोचलं.

अजून अडतंय ते पुनरारंभाशी. विमानाची पेटी उठताना स्वतःची पूर्ण तपासणी करते, त्याला अर्धा मिनिट लागतो. इतक्यात पहिल्या टप्प्याचा मोठा भाग जळून जातो. उड्डाण सुरू झाल्याची खूण मिळाली की तपासणी वगळून थेट कामाला लागायचं, असं केलं. खूण एकाच गोष्टीवर ठेवली नाही, जमिनीची केबल सुटणं आणि त्वरण चढणं दोन्ही लागतात, कारण हादऱ्यात केबलच्या पिना क्षणभर सुटून खोटी खूण देत होत्या. आता १.८ सेकंदात कार्ड परत येतं. त्यातला एक सेकंदाहून जास्त वेळ फ्लॅशमधून मेमरीत कॉपी करण्यात जातो, तो कमी करायचा आहे. गोल कनेक्टर आलेत. वाळूजच्या शेकरची पुढची वेळ १२ डिसेंबरची मिळाली, तिन्ही कार्डं बसवून तिन्ही अक्ष पुन्हा करायचे.